‘पी’ म्हणजे पूड

घोड्याला ओकता येत नाही. त्याच्या अन्ननलिकेचं जठरात उघडणारं तोंड इतकं घट्ट आवळलेलं असतं की आत गेलेलं परत वर येत नाही. सशालाही उलटी होत नाही, उंदरालाही नाही. पण कुत्र्या-मांजरांची उलटी थांबवणाऱ्या आजच्या सर्वांत भरवशाच्या इंजेक्शनची गोष्ट घोड्याच्या आतड्यापासून सुरू होते, सशाच्या आतड्यावरून जाते आणि वाटेत उंदराच्या लाळेत भिजून पुढे येते. त्या वाटेला पंचाहत्तर वर्षं लागली.

1931 साल. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत हेन्री डेल यांची प्रयोगशाळा होती. स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर तेव्हा पंचविशीत होते आणि डेल यांच्या हाताखाली शिकायला आले होते. मज्जातंतूंचा निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलीन शरीरात कुठे कुठे सापडतं, याचा त्या मंडळींना ध्यास लागलेला. फॉन ऑयलर यांनी घोड्याच्या आतड्याचा अर्क काढला आणि क्षारपाण्यात टांगलेल्या सशाच्या आतड्याच्या तुकड्यावर सोडला. तुकडा आकसला. मग त्यांनी ॲट्रोपिन घातलं. ॲट्रोपिनपुढे ॲसिटिलकोलीनचं काही चालत नाही. तुकडा तरीही आकसला. म्हणजे अर्कात दुसरंच काहीतरी होतं.

जॉन गॅडम या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ते पुन्हा पुन्हा तपासलं. घोड्याच्या मेंदूतही ते निघालं, आणि सशाला टोचलं की रक्तदाब उतरत होता. अर्क सुकवून त्याची पूड केली आणि प्रयोगाच्या नोंदींत तिच्यापुढे ‘पी’ एवढंच लिहिलं. पावडरचा पी. पूड म्हटलं तरी अक्षर ‘प’च राहतं, याची मला उगाचच गंमत वाटते. नीट नाव नंतर ठेवू असं म्हणता म्हणता ते राहूनच गेलं आणि हा पदार्थ जगभरच्या पुस्तकांत ‘सबस्टन्स पी’ म्हणूनच गेला. फॉन ऑयलर यांना 1970 मध्ये नोबेल मिळालं ते नॉरॲड्रेनालीनवरच्या कामासाठी. ही पूड तोवर कपाटातच होती म्हणायला हरकत नाही.

ती कपाटात असताना दुसरीकडे कुत्री आणि मांजरं ओकत होती. हा भाग मला सविस्तर सांगायचा आहे, कारण औषधांच्या इतिहासात तो एका ओळीत उरकला जातो.

1869 मध्ये लंडनमधल्या मॅथिसन आणि राइट या दोघांनी मॉर्फिनला हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून ॲपोमॉर्फिन तयार केलं. त्याची सुई दिली की कुत्रा काही मिनिटांत भडाभडा ओकतो. विषारी काही खाल्लेल्या कुत्र्याला ओकवायला पशुवैद्य आजही ते वापरतात. शास्त्रज्ञांच्या हाती मात्र त्यामुळे एक कळच आली. हवं तेव्हा उलटी करवता येत असेल, तर ती कुठून निघते तेही शोधता येईल.

ते शोधलं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, चिनी वंशाचे एस. सी. वांग आणि हर्बर्ट बोरिसन यांनी. 1949 साली त्यांनी मांजरीच्या मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात, विजेच्या बारीक तारा घालून ती जागा दाखवली जिथे चेतवलं की मांजर ओकते. तिला उलटीचं केंद्र म्हणायला लागले. पण कोडं सुटलं नव्हतं. रक्तातून येणारं विष त्या केंद्राला कसं कळतं आणि पोटातलं विष कसं कळतं? वांग आणि बोरिसन यांनी दोन पदार्थ घेतले. एक ॲपोमॉर्फिन, जे रक्तातून मेंदूशी जातं. दुसरा मोरचूद, जो पोटात गेल्यावर आतड्याच्या अस्तरालाच टोचतो. मग कुत्र्याच्या मेंदूतल्या चौथ्या पोकळीच्या तळाशी असलेला एक अगदी बारका भाग, एरिया पोस्ट्रेमा, त्यांनी जाळून टाकला. कुत्रा बरा झाल्यावर त्याला ॲपोमॉर्फिन टोचलं. तो ओकला नाही. मोरचूद पाजला. तो ओकला.

म्हणजे दरवाजे दोन होते आणि घर एकच. एरिया पोस्ट्रेमा ही रक्त चाखून बघणारी चौकी होती. मेंदूभोवती जी संरक्षक भिंत असते ती या एवढ्याशा जागी विरळ असते, म्हणून रक्तातलं विष तिला पहिल्यांदा समजतं. पोटाची वर्दी वेगळ्या रस्त्याने, मज्जातंतूंवरून येते. दोन्ही वर्द्या मेंदूच्या तळाशी एकत्र होतात आणि तिथून हुकूम सुटतो: लाळ सुटते, श्वास रोखला जातो, पोटाचे स्नायू आवळतात. 1953 साली या दोघांनी उलटीबद्दल तोवर कळलेलं सगळं एका दीर्घ लेखात मांडलं. माणसांच्या उलटीवरची पुढची जवळपास प्रत्येक गोळी त्या मांडणीवर उभी आहे, आणि ती मांडणी मेंदू उघडलेल्या कुत्र्या-मांजरांवर उभी आहे.

पुढच्या वीस वर्षांत कुत्रा हा औषधकंपन्यांची चाळणीच झाला. फ्रान्समध्ये डिसेंबर 1950 मध्ये तयार झालेलं क्लोरप्रोमाझीन कुत्र्यांची ॲपोमॉर्फिनची उलटी रोखतं हे दिसलं. बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत तर नवं रसायन आलं की ते कुत्र्याला द्यायचं, वर ॲपोमॉर्फिन टोचायचं आणि ओकतो का ते बघायचं, असा नेमच होता. माणसांच्या मनोविकारांवरची औषधंही त्यातून निवडली गेली. 1964 मध्ये फ्रान्समधून मेटोक्लोप्रमाइड आलं. ते आपल्याकडे इतकं रुळलं की घराघरातल्या औषधांच्या डब्यात त्याची पट्टी सापडते.

कुत्र्यांना स्वतःला काय मिळालं? माणसांसाठी केलेली हीच औषधं, वजनाच्या हिशेबाने कमी करून. 1978 मध्ये पार्व्हो विषाणू जगभर पसरला आणि लहान पिल्लं रक्ती जुलाब आणि न थांबणाऱ्या उलट्यांनी मरायला लागली, तेव्हाही डॉक्टरांच्या हाती सलाइन आणि माणसांची ही औषधं याच गोष्टी होत्या. आमच्या घरी एका पावसाळ्यात तीन महिन्यांचं पिल्लू पार्व्होने आजारी पडलं. डॉक्टर दिवसातून तीनदा सुई द्यायचे आणि तरी ते दर तासाला पिवळा फेस टाकायचं. पोटात काही उरलेलं नसताना त्याचं अंग धनुष्यासारखं वाकायचं. ते वाचलं, पण त्या कोरड्या ओकाऱ्यांचा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. हा लेख लिहायला बसलो त्याचं कारणही तेच.

मांजरांची स्थिती आणखी बिकट होती. मेटोक्लोप्रमाइड काम करतं ते चौकीवरच्या डोपामीनच्या कुलपांवर, म्हणजे डोपामीन हा निरोप्या रेणू जिथे बसतो त्या ग्राहींवर. मांजरीच्या चौकीत ही कुलपंच थोडी. म्हणून ॲपोमॉर्फिनने कुत्रा ओकतो तसं मांजर सहसा ओकत नाही, आणि त्याच कारणाने डोपामीन अडवणाऱ्या औषधाचा मांजरीच्या उलटीवर फारसा भरवसा धरता येत नाही.

आता कपाटातल्या पुडीकडे.

1960 च्या दशकात अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात सुसान लीमन गुरांच्या मेंदूतून एक संप्रेरक वेगळं काढायच्या खटपटीत होत्या. ते हाती लागेना. पण अर्काचा एक भाग उंदरांना टोचला की त्यांच्या तोंडातून लाळ गळायला लागे. दुसऱ्या एखाद्याने ही भानगड बाजूला सारली असती. लीमन यांनी मूळ काम सोडून त्या लाळेचा माग काढला. अर्क शुद्ध करत करत गेल्यावर हाती आलं ते फॉन ऑयलर यांचं सबस्टन्स पी! 1971 मध्ये मायकेल चँग आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी त्याची रचना जाहीर केली: 11 अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. चाळीस वर्षांनी पुडीला रूप मिळालं. ओकण्याआधी कुत्र्याच्या तोंडाला जे पाणी सुटतं, जिभेने तो पुन्हा पुन्हा ओठ चाटतो, ते ज्याने पाहिलंय त्याला या लाळेत पुढच्या गोष्टीची चाहूल लागेल. त्या वेळी ती कुणालाच लागली नव्हती.

कारण सगळ्यांचं लक्ष वेदनेवर होतं. ऑस्ट्रियातल्या फ्रेड लेंबेक यांनी 1953 मध्येच सुचवलं होतं की पाठीच्या कण्यात शिरणाऱ्या संवेदनांच्या तंतूंमध्ये हा पदार्थ निरोप्याचं काम करत असावा. मिरचीतल्या कॅप्सायसिनने त्या तंतूंतला पी रिकामा होतो हेही पुढे दिसलं. इंग्रजीत वेदनेच्या शब्दाचं पहिलं अक्षरही पी, त्यामुळे पुष्कळांना ते नाव वेदनेवरूनच पडलंय असं वाटायला लागलं. पीचं कुलूप बंद करणारं रसायन सापडलं तर मॉर्फिनशिवाय दुखणं थांबेल, अशी मोठी आशा होती.

ते रसायन 1991 मध्ये सापडलं. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या ग्रोटन गावी फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत मायकेल स्नायडर, जॉन लोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-96,345 हा रेणू जाहीर केला. पीच्या कुलपाला एनके-1 म्हणतात. त्या कुलपात नेमका बसणारा आणि स्वतः अमिनो आम्लांची साखळी नसलेला हा पहिला रेणू. त्याची एक तऱ्हा होती. माणसाच्या आणि गिनीपिगच्या एनके-1 मध्ये तो घट्ट बसायचा, उंदीर-घुशींच्या कुलपात मात्र सैल पडायचा. प्रयोगशाळेतला रोजचा प्राणीच असा कुचकामी ठरला. शिवाय हा रेणू पेशींच्या कॅल्शियमच्या वाटाही अडवत होता. म्हणून लगोलग त्याचा भाऊ सीपी-99,994 आला.

दुखण्यावर ही औषधं माणसांत उभी राहिली नाहीत. प्राण्यांत जे दिसत होतं ते माणसांच्या चाचण्यांत उतरेना. एका मोठ्या आशेचा असा शेवट होतो तेव्हा बहुतेक रेणू फायलीत जातात. हे गेले नाहीत, आणि त्याचं श्रेय एका मुंगसासारख्या लांबुळक्या प्राण्याला, फेरेटला, द्यावं लागतं.

कर्करोगावरच्या सिस्प्लॅटिनने माणसांना इतक्या उलट्या होत की कित्येक रुग्ण उपचार अर्धवट सोडत. उंदीर ओकत नाही, म्हणून 1980 च्या दशकात या उलट्यांचा अभ्यास फेरेटवर सुरू झाला होता, आणि सिरोटोनिनचं एक कुलूप अडवणारं ऑन्डान्सेट्रॉन त्यातूनच 1990 च्या सुमारास बाजारात आलं. तरी सिस्प्लॅटिन दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणाऱ्या उलट्यांना ते पुरं पडत नव्हतं. 1993 मध्ये लंडनचे पॉल अँड्र्यूज यांनी फेरेटना रेसिनिफेराटॉक्सिन दिलं. मोरोक्कोतल्या, आपल्या शेराच्याच नात्यातल्या एका काटेरी झाडाच्या चिकाचं हे विष, मिरचीच्या जातीचं पण तिच्याहून कैक पटींनी जहाल. ते दिल्यावर फेरेटची उलटी दबली. मिरचीची जात तंतूंतला पी रिकामा करते हे माहीत होतंच. मग उलटीचा हुकूम पीच्या तोंडून सुटतो की काय?

त्याच वर्षी ग्लॅक्सोच्या चास बाउंट्रा आणि सहकाऱ्यांनी सीपी-99,994 फेरेटना दिलं आणि मग त्यांना एकेक करून ओकवायचा प्रयत्न केला.  मोरचूद दिला. मॉर्फिन, ओकारीचं औषध इपेकॅक, क्ष-किरण, सगळं झालं. दरवाजा कुठलाही असो, उलटी अडली. चाळीस वर्षांपूर्वी वांग आणि बोरिसन यांनी जे दोन दरवाजे वेगळे दाखवले होते, ते दोन्ही इथे एका औषधापुढे थांबले होते. औषध दरवाज्यांवर बसलंच नव्हतं. जिथे सगळ्या वर्द्या एक होतात आणि हुकूम सुटतो, त्या आतल्या खोलीचं कुलूप त्याने लावलं होतं. 1995 मध्ये फायझरच्याच मंडळींनी हे कुत्र्यांतही दाखवलं.

माणसांसाठी या कुळातलं पहिलं औषध, मर्क कंपनीचं ॲप्रेपिटंट, मार्च 2003 मध्ये अमेरिकेत मान्य झालं. आणि कुत्र्यांसाठी फायझरने जो रेणू निवडला तो मॅरोपिटंट. रसायनाचं चित्र समोर ठेवून पाहिलं तर तो जवळजवळ 1991 चाच पहिला रेणू आहे, वेदनेसाठी घडवलेला सीपी-96,345. त्याच्या एका कड्याला कर्बाच्या चार अणूंचा एक झुपका तेवढा जास्तीचा. सप्टेंबर 2006 मध्ये युरोपने आणि 2007 मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. ‘सेरेनिया’ या नावाने गोळ्या आणि इंजेक्शन दोन्ही आलं. प्राण्यांसाठी बनवलेलं या कुळातलं हे पहिलं औषध. इतकी वर्षं ज्यांच्या ओकारीवर माणसांची औषधं पारखली, त्यांच्या स्वतःच्या नावाची बाटली अशी तयार झाली. मला 2006 हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

ओकणाऱ्या जनावराला गोळी देऊन काय होणार, ती परत बाहेरच येणार. म्हणून खरी किंमत इंजेक्शनची. एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध, आणि किलोमागे 1 मिलिग्रॅमचा हिशेब. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला 1 मिलिलिटर, कातडीखाली, दिवसातून एकदा. दर काही तासांनी सुई घेऊन पिल्लाच्या पिंजऱ्याशी जाण्याची पाळी त्याने संपवली. त्याची जुन्या औषधांशी तुलना झाली तेव्हा दरवाज्यांचा हिशेब पुन्हा तसाच निघाला. कुत्र्यांना ॲपोमॉर्फिनने ओकवलं तर मेटोक्लोप्रमाइड आणि क्लोरप्रोमाझीन चाललं, ऑन्डान्सेट्रॉन नाही. इपेकॅकने पोटातून ओकवलं तर ऑन्डान्सेट्रॉन चाललं, ती दोन नाहीत. मॅरोपिटंट दोन्हीकडे चाललं.

ही सुई दुखते, हे मात्र खरं. मॅरोपिटंट पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या साखरेच्या कड्यांच्या पोकळीत त्याला बसवून द्रावण केलं जातं. कातडीखाली गेल्यावर कड्यातून सुटलेलं औषध झोंबतं. कुत्री कळवळतात, मांजरं फिस्कारतात. 2009 मध्ये कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की द्रावण थंड असेल तर औषध कड्यात जास्त घट्ट धरलेलं राहतं आणि वेदना कमी होते. तेव्हापासून ही बाटली फ्रीजमध्ये ठेवायची आणि गार असतानाच टोचायची, अशी रीत पडली. वेदना थांबवायला निघालेल्या रेणूचा नातू टोचताना दुखतो आणि त्यावर इलाज फ्रीजचा, हे वाचलं तेव्हा त्या साध्या उपायाचं मला फार कौतुक वाटलं. 2011 मध्ये भूल दिलेल्या कुत्रीचा बीजांडकोश ओढताना लागणाऱ्या भुलीचं प्रमाण मॅरोपिटंटने कमी होतं, असंही दिसलं. म्हणजे आतड्या-पोटाच्या दुखण्यावर पीची काहीतरी सत्ता आहे. जुनी आशा अगदीच खोटी नव्हती.

मांजरांच्या वाट्याला अधिकृतपणे हे औषध अमेरिकेत 2012 मध्ये आलं. त्यांना ॲपोमॉर्फिनने सहसा ओकवता येत नाही, म्हणून चाचणीत झायलाझीन हे गुंगीचं औषध वापरलं. त्याने मांजरी हमखास ओकतात. मॅरोपिटंट दिलेल्या मांजरींची ती उलटी अडली. चौकीवरची कुलपं वेगळी असली तरी आतली खोली मांजरीतही तीच निघाली.

इतकं बळकट औषध हाती आलं की डॉक्टरांना सांभाळूनही राहावं लागतं. उलटी ही शरीराने उभी केलेली राखण आहे. कुत्र्याने आंब्याची कोय किंवा मोज्याचा बोळा गिळला असेल, विष खाल्लं असेल, तर ओकारी बंद केल्याने आजार लपतो आणि वेळ जातो. म्हणून आधी पोट चाचपायचं, लागलं तर एक्स-रे काढायचा, मग सुई. अकरा आठवड्यांहून लहान पिल्लांच्या अस्थिमज्जेवर त्याचा परिणाम दिसला होता, त्यामुळे अगदी कोवळ्या पिल्लांत ते टाळतात.

आणि एक गोष्ट अजून अर्धीच राहिली आहे. वांग-बोरिसन यांच्यापासून सगळ्यांनी मोजली ती उलटी, कारण ती दिसते. मळमळ दिसत नाही. माणूस सांगतो की पोटात ढवळतंय. कुत्रा लाळ गिळतो, ओठ चाटतो, अस्वस्थ होऊन जागा बदलतो, आणि ते मोजायला बघणाऱ्याकडे धीर लागतो. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांना थोडं सिस्प्लॅटिन देऊन नेमकी हीच लक्षणं टिपली गेली. त्यात मळमळ सर्वांत चांगली शमवली ती ऑन्डान्सेट्रॉनने. मॅरोपिटंट उलटीला थांबवत होतं, पण कुत्रा ओठ चाटत राहायचा. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या म्हाताऱ्या मांजरींना 2015 च्या एका चाचणीत रोज मॅरोपिटंट दिलं गेलं. त्यांच्या उलट्या कमी झाल्या. भूक आणि वजन होतं तिथेच राहिलं. मांजर वाटीपाशी येई, वास घेई, आणि न खाता बाजूला जाऊन बसे.